आठवी सुई

सेलूच्या एका शाळेत व्यंकटराव पेडगावकरांनी चौतीस वर्षं कारकुनी केली, पण त्यांच्या हातून एक कागद कधी इकडचा तिकडं झाला नाही. दाखला मागायला आलेल्या बापाला ते आधी दरडावायचे, मग चहा पाजायचे, मग दाखला द्यायचे. माणूस सरळ, जरा तापट आणि देवाधर्माचा पक्का. घरात नवी वस्तू आली की ती आधी देवापुढं. पगाराचं पाकीट, लेकाची मार्कशीट, एवढंच काय, मिक्सर आणला तर तोही देवघरासमोर पाटावर बसला होता. कावेरीबाई हसायच्या, "अहो, देवाला चटणी वाटायचीय का?" त्यावर ते नुसते डोळे वटारायचे.

मागच्या दिवाळीनंतर कावेरीबाईंच्या छातीत गाठ निघाली आणि घरातलं हसणं आटलं. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. मग डॉक्टरांनी सांगितलं, दर एकवीस दिवसांनी एक सुई, अशा अठरा. मूळ औषध परदेशी, ते परवडायचं नाही. पण त्याच तोडीचं इथं बनवलेलं मिळतं, त्याला बायोसिमिलर म्हणतात, गुण तोच. व्यंकटरावांनी तो शब्द चिठ्ठीवर लिहून पाठ केला. पैशाची फिकीर नव्हती. पुण्याला नोकरीत असलेल्या वरदनं, त्यांच्या लेकानं, आईवडिलांना कंपनीच्या विम्यात घेतलं होतं, वर्षाला पाच लाख.

सात सुया झाल्या आणि मे महिन्यात दवाखान्यातल्या बिलाच्या खिडकीवर कळलं की विमा संपला. विम्याचं नवं वर्ष दिवाळीनंतर. एका सुईची छापील किंमत चौपन्न हजार, आणि विम्याला तेवढीच लावली होती. व्यंकटराव बाकड्यावर मटकन बसले. त्यांची दशा बघून खिडकीतला दत्ता बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "काका, परभणीत होलसेलवाल्याकडून रोखीनं घ्या. हीच कंपनी, हेच खोकं. साडेअठराला देतो."

"साडेअठरा? मग विम्याला चौपन्न कसे?"

"विम्याला छापील लागते, काका."

आता काय बोलावं! औषध तेच, कुपी तीच, शिरणार त्याच बाईच्या शिरेत. साडेअठरानं लावली असती तर विमा वर्षभर पुरून उरला असता. व्यंकटरावांना आधी संताप आला, पण घरी जाऊन अकरा सुयांचा आकडा मांडला तेव्हा संताप कुठल्या कुठं गेला आणि घाम फुटला. पेन्शन केवढी, तर मुठीत मावेल एवढी.

आठव्या सुईच्या आदल्या दिवशी ते परभणीला जाऊन कुपी घेऊन आले. होलसेलवाल्यानं थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या थैल्या घालून दिल्या आणि बजावलं, घरी गेल्या गेल्या फ्रिजात. गरम झाली की कामातून गेली. साडेअकराला घरी पोचले. हातपाय धुऊन पंचा नेसले, डब्यातून खोकं काढलं, पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. दोन मिनिटांचं काम हो! तेवढ्यात विमा कंपनीचा फोन आला. कुठल्याशा तपासणीचं बिल नामंजूर झालं होतं. व्यंकटराव अर्धा तास भांडले, डोकं भणभणलं, बीपीची गोळी घेऊन ओसरीवर आडवे झाले. वीज गेलेली, बाहेर त्रेचाळीस डिग्री. डोळा उघडला तेव्हा साडेचार वाजले होते.

खोकं पाटावरच होतं. हात लावला तर कोमट. त्यांनी पंच्यानं घाईघाईनं कुंकू पुसलं आणि खोकं फ्रिजात कोंबलं. त्याआधी कुपी काढून उजेडात धरून पाहिली, तर जशीच्या तशी. बिघडली की नाही, हे डोळ्यांना दिसतच नाही, हेच तर भयंकर! सांगावं तर साडेअठरा हजार पाण्यात. न सांगावं तर औषध म्हणून काय जाईल तिच्या अंगात, देव जाणे. देवाचं नाव मनात आलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना देवघराकडं बघवेना.

सकाळच्या गाडीनं दोघं खोकं बर्फाच्या डब्यात घेऊन संभाजीनगरला गेले. दवाखान्यात योगिनी सिस्टरनं कावेरीबाईंना खाटेवर घेतलं, शीर शोधली, खोकं हातात घेतलं.

"काका, बाहेरून आणलंय ना? थंडीतच होतं ना सगळा वेळ?"

"हो," व्यंकटराव म्हणाले. कावेरीबाईंनी हात पुढं केला, डोळे मिटले. सिस्टरनं खोक्यातून कुपी काढली आणि व्यंकटरावांच्या तोंडून ओरडल्यासारखं निघालं, "नका! नका देऊ. पाच तास बाहेर होतं. माझ्या हातून झालं."

सिस्टर थबकली. तिनं कुपी बाजूला ठेवली. "हे आता द्यायचं नाही, काका. दोन-चार दिवस पुढं गेलं तर चालेल का, ते मी डॉक्टरांना विचारते. घाबरू नका."

"मला माहीत होतं," कावेरीबाई म्हणाल्या. "तुम्ही खोकं पुसताना मी दारातून बघितलं."

"आणि तरी हात पुढं केलास?"

"आणखी साडेअठरा कुठून आणायचे? म्हटलं, घेऊन टाकावी. लागू पडली तर पडली."

आजाराची भीती सहा महिने व्यंकटरावांच्या सोबत होती, ती ओळखीची झाली होती. ही नवी होती. त्यांनी खाटेचा दांडा धरला आणि बायकोला विचारलं, "कावेरी, खरं सांग. पैशापायी आणखी काय लपवलंयस माझ्यापासून?"

कावेरीबाई नवऱ्याकडं न बघता सिस्टरला म्हणाल्या, "पाठ लय दुखायलीय. पंधरा दिवस झाले. झोपू देत न्हाई."

छातीतला आजार हाडात उतरला की पाठ अशी दुखते, हे सिस्टरला ठाऊक होतं. ती तशीच डॉक्टरांना बोलवायला गेली.