आणि बाकीचे?

"आणि बाकीचे?"

एवढंच विचारायच्या. चष्मा कपाळावर सरकवून, मान किंचित तिरकी करून, आवाज अजिबात न चढवता. समोरचा कितीही मोठा हुद्देदार असो, बोलता बोलता चूळ गिळल्यासारखा थांबायचा.

आम्ही सगळे त्यांना आपा म्हणायचो, म्हणजे थोरली बहीण. आमचे साहेब त्यांच्याहून वयानं बरेच मोठे, पण तेही आपाच म्हणायचे. गारखेड्यात एका मेडिकलच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. काम असं, की लग्नाच्या बोलणीत सांगायची सोय नाही. शहरातली वाहनं कुठून निघतात, कुठे जातात आणि मधल्या सतरा रस्त्यांतला नेमका कोणता धरतात, याचा अंदाज संगणकावर मांडायचा. नकाशात रस्ते काढायचो मी, त्या रस्त्यांवर वाहनं सोडायच्या आपा. मी ट्रॅफिक पोलिसात होतो अशी माझ्या सासऱ्यांची समजूत आहे. तिचा मला इतका फायदा झालाय की मी ती मोडलेली नाही.

सुरुवातीला एकदा आपा रजेवर असताना मी मोठ्या थाटात वाहनं स्वतःच सोडली. सगळीच्या सगळी सर्वांत जवळच्या रस्त्यावर. शहाणा माणूस जवळचाच रस्ता धरणार, यात विचार कसला करायचा? पडद्यावर तो रस्ता लालभडक झाला आणि शेजारचा रस्ता सुट्टीतल्या शाळेसारखा ओस.

आपा आल्या, बघितलं, चष्मा वर गेला. "हे सगळे इथं अडकलेत, बाजूला मोकळा रस्ता दिसतोय. आंधळे हायेत का ते?"

मग त्यांनी शिकवलं. थोडी वाहनं मोकळ्या रस्त्यावर ढकलायची. तिथं गर्दी झाली की तिथला वेळ वाढतो, मग काही परत आणायची. असं घुसळत राहायचं. रस्ता बदलून एकाचाही फायदा होणार नाही, अशी वेळ येते. तिथं थांबायचं. "सगळे सारखेच वैतागले की आपलं काम झालं," असं त्या फार समाधानानं म्हणायच्या.

ही विद्या त्या ऑफिसात ठेवून घरी जायच्या, असं समजू नका. बीड बायपासच्या एका लॉनवर साहेबांच्या पुतण्याचं लग्न होतं. नान-खलियाच्या काउंटरपुढे ही रांग. मागच्या बाजूला मला दुसरं काउंटर दिसलं, एकदम रिकामं. मी आपांच्या कानाशी लागलो, चला, तिकडे कुणीच नाही. त्यांनी मान तिरकी केली. "आणि बाकीचे?" मी कसला ऐकतोय! ताट घेऊन तडक निघालो. तिथं पोचलो आणि मागे वळून बघतो तर अर्धं वऱ्हाड माझ्या मागे. रांगेत मला नववधूच्या मामांनी ढकलून पुढे नंबर लावला. आपा पहिल्याच रांगेत उभ्या राहिल्या आणि माझ्याआधी जेवून हात धुवून आल्या. वर बडीशेप चघळत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, हे मी विसरणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई विनोदी होत्या. होत्याच. पण त्यांचा हा प्रश्न त्यांच्याच घरापर्यंत गेला, ती गोष्ट ऐका.

शहरातलं एक रेल्वे फाटक भुयारी मार्गासाठी काही महिने बंद राहणार होतं. तोवर वाहतूक कुठून जाईल, ते आम्ही सांगायचं होतं. उड्डाणपुलाकडे जायला मोठा रस्ता होता, पण लांबचा वळसा. मधून एक गल्ली सरळ पुलाच्या पायथ्याशी निघायची. ती गल्ली आपांची. तिथं त्यांचे अब्बा दुपारची नमाज झाली की दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. त्यांना दिसायचं फार कमी, पण चालण्याच्या आवाजावरून येणारा-जाणारा ओळखायचे आणि प्रत्येकाला, मी गेलो की मलाही, थांबवून खुशाली विचारायचे. आपांचा धाकटा भाऊ रिक्षा चालवायचा. रिक्षा त्याच खुर्चीशेजारी उभी असायची.

गल्लीला कुणकुण लागली. एक दिवस आपांच्या घरासमोरचे निवृत्त गुरुजी आणि चारपाच शेजारी ऑफिसात आले. बरोबर दौलताबादच्या सीताफळांची पिशवी. गुरुजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आपा, आपली गल्ली नकाशात घेऊ नका. नकाशात नाय म्हटल्यावर कुणाला कळणार नाय."

त्यांना भीती होती की एकदा गल्ली कागदावर आली की तिथं पर्यायी मार्गाची पाटी लागेल आणि ओटे तुटतील. साहेबांनाही हे सोयीचंच होतं. एवढ्या बारीक गल्ल्या नकाशात धरायच्या नाहीत, असाच आमच्या कामाचा रिवाज. न काढलेल्या रेषेबद्दल कोण विचारणार? भावानंही घरी हेच सांगितलं होतं.

मंडळी गेली. आपा माझ्या टेबलापाशी आल्या.

"नकाशात गल्ली काढ."

मी म्हटलं, आपा, सगळ्यांना नकोय ती.

"आणि बाकीचे?" त्या म्हणाल्या. "ते काय आपला नकाशा बघून येणार हायेत का? मोकळी दिसली की घुसतील."

मी रेघ काढली. त्यांनी वाहनं सोडली. गल्ली बघता बघता लाल झाली. त्या पडद्याशी वाकल्या. मग त्या रेघेवर मधोमध बोट ठेवलं. "इथं अब्बांची खुर्ची असते," म्हणाल्या. सीताफळाला त्या दिवशी कुणी हात लावला नाही. म्हणजे मी लावला, पण घरी जाऊन.

दुसऱ्या दिवशी तोडगा तयार होता. गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोन-दोन लोखंडी खांब. माणूस जाईल, दुचाकी सावकाश जाईल, रिक्षा आणि मोटार जाणार नाही. एकाच गल्लीला खांब लावले तर सगळे शेजारच्या गल्लीत घुसतील, म्हणून त्या पट्ट्यातल्या सगळ्या गल्ल्यांना. पुन्हा वाहनं सोडली. गल्ली हिरवी, मोठा रस्ता भरलेला पण चालता.

पण रिक्षा म्हणजे भावाचीही रिक्षा. ती आता कोपऱ्यावर, उन्हात, रस्त्यावर. त्यानं बहिणीशी बोलणं टाकलं. साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी सुचवलं, एक खांब कुलपाचा करू, किल्ली भावाकडे द्या. मला तर ही युक्ती फारच आवडली. आपांनी चष्मा वर सरकवला. या वेळी हात जरा सावकाश गेला.

"आणि बाकीचे?"

प्रत्येक घर किल्ली मागणार, आणि चार दिवसांत खांब उघडाच राहणार, हे आम्हालाही कळत होतं. किल्ली झाली नाही. भाऊ वेगळा जेवायला बसू लागला.

फाटक बंद झालं त्या दिवशी दुपारी आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. गाड्यांचा लोंढा आला. एकेक मोटार गल्लीत डोकावायची, खांब बघायची आणि ते लावणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार करत मागे जायची. खानदान माझ्या शेजारी उभं राहून शांतपणे गाड्या मोजत होतं. आत अब्बा खुर्चीत बसून कुणाला तरी खुशाली विचारत होते.

पुढे आपांना नागपूरला मोठी जागा मिळाली. त्या गेल्या, भुयारी मार्ग सुरू झाला, आणि खांब काढायला माणसं आली. हे मला गुरुजींनीच रंगवून सांगितलं. अख्खी गल्ली खांबांपुढे उभी राहिली. सगळ्यांत पुढे भाऊ, कोपऱ्यावरची रिक्षा तशीच सोडून आलेला. म्हणाला, "खांबाला हात लावायचा नाय. आपानं लावलेत." माणसं कटर घेऊन परत गेली. संध्याकाळी त्यानं नागपूरला फोन केला. काय बोलला ते गुरुजींना ऐकू आलं नाही, याचं त्यांना अजून दुःख आहे.

परवा मी तिकडे गेलो होतो. अब्बा जागेवर होते. शेजारी दुसरी खुर्ची, रिकामी. पावलं ऐकून त्यांनी मला ओळखलं, बसवलं, आणि एवढ्या लवकर कुठून आलो ते विचारलं. मी ऐटीत सांगितलं, मुकुंदवाडी स्टेशनच्या मागून मी नवी वाट शोधलीय, सगळी गर्दी टळते, अजून कुणाला माहीत नाही.

अब्बांनी मान किंचित तिरकी केली.

"और बाकी के लोगां?"