सातशे एक रुपयांचा नारळ

प्रिय ईशान आणि रेवा,

मी एकदा एक नारळ सातशे एक रुपयांना विकत घेतला आहे. चांगला पाणीदार नारळ तेव्हा चार-पाच रुपयांना मिळायचा.

ईशान, परवा फोनवर तू मोठ्या नवलाने सांगत होतास, की तुमच्याकडे माणसं एखाद्या संस्थेला देतील तेवढेच पैसे कंपनी वरून घालते. "आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?" नव्हतं? अरे, ऐंशीच्या दशकात विक्रोळीत आम्ही हे केलंय, आणि लाउडस्पीकर लावून केलंय! म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

आमच्या क्रीडा मंडळाच्या मुली कबड्डी खेळायच्या ते मैदान म्हणजे दगडगोट्यांवर पसरलेली चिमूटभर माती. कॅप्टन शकू दिवसा कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरायची आणि संध्याकाळी पकडी करायची. तिच्या गुडघ्यांवर कातडीपेक्षा खपल्याच जास्त. मैदानावर लाल माती पडली नाही तर खेळ बंद, असं मुलींच्या घरच्यांनी बजावलं होतं. मंडळाचे अध्यक्ष तावडे मात्र म्हणायचे, "पोरी काय, उद्या लग्न करून जातील. पैसे आले तर कॅरमची खोली बांधू!" (तावडे स्वतः रोज कॅरम खेळायचे. निव्वळ योगायोग!)

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. त्यामुळे कारखान्यांना अर्ज लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. माझ्या त्या अस्खलित इंग्रजीला भुलून रंगाच्या कंपनीने भिंतीवरची कॅलेंडरं पाठवली, तीही गेल्या वर्षीची. बिस्किटवाल्यांनी एक डबा तुटकी बिस्किटं दिली. शेवटी पवईच्या रस्त्यावरच्या एका पंपांच्या कंपनीने कळवलं, "तुम्ही वस्तीतून जमवाल तेवढेच आम्ही घालू. मात्र पैसे आमच्या साहेबांसमोर, चारचौघांत जमले पाहिजेत."

"मग झकास! सत्यनारायण घालू आणि नारळाचा लिलाव करू," तुमचे आजोबा म्हणाले. पूजेतल्या नारळावर बोली लावायची, चढत्या भावाने तो घ्यायचा आणि पैसे मंडळाला द्यायचे, ही आमच्याकडची जुनी रीत.

"लिलाव? साहेबांसमोर? अहो, काय म्हणतील ते! असल्या गावठीपणात मी पडणार नाही."

"तू नको पडूस. मी पण नाही पडत," आजोबा म्हणाले.

लिलाव ठरलाच. पैसे कुठे लावायचे यावर तावडे हटेनात, तेव्हा सेक्रेटरी सावंतांनी तोड काढली. नारळ जो जिंकेल त्याने सांगायचं, मैदान की कॅरम. त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं, नारळ तावड्यांच्या हाती जाऊ द्यायचा नाही. आमच्या कपाटात फ्रिजसाठी पैसे साठवायचा एक डबा होता.

पूजेच्या दिवशी कंपनीचे साहेब आणि पुरुष बाहेर मांडवात आणि आम्ही बायका पडद्याआड, प्रसादाच्या शिऱ्याशी. बायकांनी बोली लावायची पद्धत मंडळात नव्हती. बंदीही नव्हती, कारण तसं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! सावंतांनी माइक घेतला. पुरुष हात वर करायचे आणि सावंत आकडा पुकारायचे. एकावन्नला मी शकूला म्हटलं, "जा, एकशे एक सांग. माझं नाव घेऊ नकोस."

"आतून एकशे एक!" सावंत चिरकले. मांडवातल्या सगळ्या माना पडद्याकडे वळल्या.

"बाहेरून दीडशे एक!"

म्हणजे तावडे चढले तर! मी दोनशे एक पाठवले. बाहेरून अडीचशे एक आले. माझ्या हातातला झारा थांबला आणि शिरा खाली लागायला लागला. शेजारी केळी कापणाऱ्या तावडेवहिनी म्हणाल्या, "अगो, खुळावलंस काय?"

"तुमच्या मिस्टरांना सांगा थांबायला!" मी म्हटलं.

"ते कधीचे थांबले. मीच पडद्यातून डोळे वटारले."

पण ते ऐकायला मी शुद्धीवर होते कुठे? पाचशे एक! सहाशे एक! शकू आत-बाहेर अशी धावत होती, जणू चढाईच करतेय. शेवटी मी "सातशे एक!" म्हणून स्वतःच पडदा बाजूला करून बाहेर आले.

समोर हात वर करून तुमचे आजोबा उभे होते.

"तू?"

"अहो, तुम्ही?"

"मला वाटलं आत तावडेवहिनी आहेत! म्हटलं, पोरींचं मैदान जाऊ द्यायचं नाही!"

"पैसे कुठून देणार होतात?"

"फ्रिजच्या डब्यातून. आणि तू?"

मांडव हसून हसून आडवा झाला. एकाच डब्याच्या जिवावर नवरा-बायको एकमेकांविरुद्ध बोली लावत होते!

"शके, तुला दिसत होतं ना बाहेर कोण आहे ते? मग सांगितलं का नाहीस?"

"काकू, सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता ना! आणि कंपनीचे पण तेवढेच कमी झाले असते!"

आता तावडे उठले. "साहेब, हे दोघं एका घरातले. ही बोली धरू नका!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझं ठेवणीतलं इंग्रजी काढलं आणि ठणकावून सांगितलं, की साहेब, या बाबतीत आम्ही एका घरातले नाही. आत्ताच सगळ्यांनी पाहिलंय. साहेब एवढे हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. नारळ माझा झाला, कंपनीचे सातशे एक आले, आणि त्या दिवशी मंडळाने करपलेला शिराही तक्रार न करता खाल्ला.

फ्रिज पुढे बरीच वर्षं आला नाही. "माठातल्या पाण्याला काय झालंय?" असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, आणि आजही विचारेन. परत तो लिलाव झाला तर मी परत बोली लावीन. आजोबांविरुद्धसुद्धा!

मैदान अजून आहे. त्यावर लाल माती आहे आणि संध्याकाळी तिथे मुली खेळतात. आमच्या घरात आणखी एक गोष्ट टिकून आहे: नारळ आणायला मला कोणी बाजारात पाठवत नाही.

तुमची,
आजी