नाकाने निवडलेलं क्रीम

गाड्यांना रंग मारणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये सगळे त्याला बुवा म्हणत, ते दाढीमुळे. मिसरूड फुटल्यापासून त्याच्या गालाला पातं लागलं नव्हतं; फार तर कात्रीने टोकं छाटायची. रंगाच्या खोलीत मात्र बुवासारखा हात कुणाचा नव्हता. त्याने दरवाजावर स्प्रे फिरवला की पोचा कुठे होता ते गाडीच्या मालकालाही सापडत नसे.

मग नवे मास्क आले आणि त्यांच्या मागोमाग तपासणी. मास्क लावून डोक्यावर खांद्यापर्यंत येणारी मोठी टोपी चढवायची, टोपीच्या आत केळ्याच्या वासाचं औषध सोडायचं. वास आला तर मास्क गळतो. बुवाला पहिल्याच श्वासाला केळं आलं. दाढीतून हवा आत शिरत होती.

"सोमवारी गाल साफ करून या," तपासणीच्या मॅडम म्हणाल्या. "नाहीतर रंगाची खोली बंद. गाड्या धुवायच्या कामावर जावं लागेल."

रंगाशिवाय दुसरं काही बुवाला येतच नव्हतं, आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

मेहुण्याने फेसाचा डबा आणून दिला. बुवाने कात्रीने दाढी उतरवली आणि फेस कोरड्याच गालावर पुट्टीसारखा थापला. दाबून पातं ओढलं. खुंट जागच्या जागी राहिले, गाल मात्र लालभडक झाला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, चेहरा आहे तो, बोनेट नाही. आधी कोमट पाण्याने भिजवा. आणि ब्रशचं क्रीम आणा."

दुकानात फळीभर ट्यूबा होत्या. दुकानदार बाईंनी विचारलं, "त्वचा कशी आहे?" गाडीच्या पत्र्याबद्दल विचारलं असतं तर बुवा तासभर बोलला असता. तो म्हणाला, "आहे, बरी आहे." बाईंनी लाल गालाकडे पाहिलं आणि बिनवासाची ट्यूब पुढे केली. बुवाला ते बिनमिठाच्या जेवणासारखं वाटलं. त्याने एकेक झाकण उघडून हुंगलं आणि लिंबाच्या वासाची ट्यूब घेऊन आला.

"नाकाने निवडलंत," बायको म्हणाली. "लावायचंय गालाला."

तरी क्रीम चांगलं निघालं. ब्रश ओला करून घोळवल्यावर दाट फेस आला, पातं हलकं फिरलं, फक्त जिवणीखाली थोडं रक्त आलं. बायको बराच वेळ बघत राहिली. "हनुवटी बरी आहे की तुमची," ती म्हणाली. "उगाच लपवून ठेवली होतीत."

सोमवारी सकाळी दाढी करून बुवा तपासणीला बसला. मास्क, टोपी, औषध. मान डावीकडे, मान उजवीकडे. आणि आला वास.

गप्प बसावं, असं त्याच्या मनात आलंच. कुणाला कळणार होतं? पण ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या उस्तादांचा खोकला त्याला आठवला. शेवटी शेवटी जिना चढताना त्यांना मध्येच बसावं लागे. बुवाने हात वर केला.

"वास येतोय."

"केळ्याचा?"

बुवाने नीट श्वास घेतला. "नाही. लिंबाचा."

मॅडमनी टोपी काढली, मास्क उतरवायला लावला आणि त्याच्या गालाजवळ नाक नेलं. "काय लावलंय तुम्ही?"

"क्रीम."

"अहो, हा तुमचाच वास आहे." मॅडमना हसू आवरेना. "जा, साध्या पाण्याने तोंड धुऊन या."

त्याने गाल खसखसून धुतले आणि पुन्हा टोपीखाली बसला. मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. केळं नाही, लिंबूही नाही. बुवाचा जीव भांड्यात पडला.

"पास झालात," मॅडम टोपी उचलत म्हणाल्या. "काढा आता मास्क."

"जरा राहू द्या," तो आतूनच म्हणाला. त्याची हनुवटी थरथरायला लागली होती, आणि ती झाकायला आता दाढी नव्हती.