धुतलेले ठोकळे

"ते ठोकळे बादलीत टाक," साहेब शिपायाला म्हणाले.

शिपायाने टेबलावरचे लाकडी ठोकळे ओंजळीने उचलले आणि पाण्यात सोडले. मी समोर उभा. मजुरांची बुद्धी पारखायचे ते ठोकळे मी नुकतेच मांडले होते. कॉलेजात दाखवलं होतं तसेच, लाल बाजू वर करून, सरळ रांगेत. कारखान्यातल्या नोकरीचा पहिला दिवस होता. अंगात उसना कोट.

"धूळ फार बसते हो इथे," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले.

भर श्रावणात, खोपोलीत धूळ! खिडकीबाहेर डोंगर दिसत नव्हता इतका पाऊस लागला होता.

साहेब पुण्याचे, मानसशास्त्राचे एम.ए. मी मानसशास्त्राचा बी.ए. त्यांनी वाचलेली पुस्तकं बरीचशी मीही वाचली होती. महाराचा हात लागला की लाकूड बाटतं, असं त्यातल्या एकाही पुस्तकात नव्हतं. तरी मी काय म्हणालो? "हो साहेब, धूळ फार." हे माझं वाक्य मला अजून डाचतं.

दुसऱ्या दिवसापासून कामाची वाटणी झाली. ठोकळे साहेब मांडणार. मी सूचना वाचायची आणि घड्याळ धरायचं. घड्याळ पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून ते बाटत नसावं. मॅनेजर आला की साहेब मला 'तुम्ही' म्हणायचे. तो गेला की 'तू'. आमच्यातला कोणी उमेदवार परीक्षा देऊन उठला की बादली यायची. धुऊन धुऊन ठोकळ्यांचा लाल रंग विटला, तरी बादली यायचीच.

आमचं गाव कुंभिवलीच्या अंगाला. घरात आई आणि आम्ही दोघे भाऊ. वडील गेले तेव्हा दादा चौथीत होता. पण महारकी कुणासाठी थांबत नाही. गावाचे सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी माणसाचं ओझं डोक्यावर घेऊन खालापूर गाठायचं. दोघांपैकी एकाला ते करणं भाग होतं. दादाने आपली पाटी माझ्याकडे सरकवली आणि वडिलांची काठी घेतली. मला वाईट वाटलं असं लिहायला बरं वाटेल. पण मी सुटलो म्हणून खूश झालो होतो.

मी मुंबईला वसतिगृहात राहून शिकलो. मानसशास्त्र घेतलं तेव्हा आईने विचारलं, "मनाचं शास्तर म्हंजे काय रं? भगताचं काम?"

"नाय आये. मानूस असा का वागतो, ते शिकायचं."

"त्याला मुंबईला कशाला जायाला होवं? पाटलाच्या अंगनात हुबा ऱ्हा, समदं कळंल."

बी.ए. झाल्यावर प्रोफेसरांना विचारलं, आता पुढे काय. भला माणूस. त्यांनी पायऱ्या समजावून सांगितल्या. नुसत्या बी.ए.ला कारकुनी, नाहीतर कुणाच्या हाताखाली मदतनीस. बी.टी. केलं तर हायस्कुलात मास्तर. एम.ए. केलं तर कॉलेजात शिकवता येईल, किंवा कारखान्यांत मजुरांची पारख करायच्या नव्या जागा निघाल्यात, तिथे वर्णी लागेल. वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टरलाच मान, तिथे तू फार तर रोग्यांच्या हकिकती लिहून घेशील. सगळं खरं सांगितलं त्यांनी. त्या पायऱ्या चढायला आधी उंबरा ओलांडू द्यावा लागतो, तेवढं राहिलं. कर्जतच्या शाळेत गेलो तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "बी.टी. नसलात तरी चाललं असतं. पण मुलांच्या आया काय म्हणतील?" म्हणून मी या कारखान्यात आलो.

लढाईचे दिवस होते. कारखान्यात नवी यंत्रं आली होती आणि माणसं हवी होती. ठोकळ्यांच्या परीक्षेत पास झाला तो यंत्रावर, कायमचा. नापास झाला तो परत घरी. मी दादाला निरोप धाडला. यंत्रावर लागला असता तर तो महारकीतून सुटणार होता. आणि खरं सांगू? मीही सुटणार होतो. सुटीत घरी गेलो की त्याच्या डोक्यावरचा ओझ्याने पडलेला घट्टा दिसायचा आणि मी ताटावरून अर्धवट उठायचो.

दादा आला. धुतलेलं धोतर, नवी टोपी. साहेबांनी दोनदा बस म्हटल्यावर स्टुलाच्या कडेला टेकला. साहेबांनी ठोकळे मांडले, चित्र दाखवलं. मी सूचना वाचली, "समोरच्या ठोकळ्यांनी चित्रातल्यासारखी आकृती तयार करा." आणि घड्याळ सुरू केलं.

दादाने ठोकळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली आणि वाट बघत बसला.

मला तेव्हाच कळलं. आमच्यातल्या कुणालाही कळलं असतं. पाणी वरून ओततात. मीठ वरून टाकतात. मोठ्या माणसाच्या वस्तूला आपण होऊन हात लावायचा नाही, देणाऱ्याने टाकलं की झेलायचं. लहानपणी चौक गावातल्या वाण्याच्या दुकानात दादाने तागडीला हात लावला होता. वाण्याने हातावर वजन हाणलं. तेव्हापासून त्याची करंगळी वाकडीच आहे. तीच करंगळी आता ओंजळीत माझ्यासमोर होती.

एक शब्द पुरला असता. उचल. एवढंच.

पण सूचनेपलीकडे परीक्षकाने अवाक्षर बोलायचं नाही, असा नियम होता. साहेब शेजारीच बसले होते. आणि एम.ए.ला जायला मला त्यांची शिफारस हवी होती, ती त्यांनी कबूल केली होती. मी भावाकडे बघायचं टाळलं. घड्याळाकडे बघत राहिलो. काटा फिरत होता आणि मी नियम पाळत होतो.

"वेळ संपली," मीच म्हणालो.

"मंद," साहेब म्हणाले. "लिही."

मी टाक उचलला. तेवढ्यात साहेबांनी सवयीने हाक मारली, "अरे, बादली आण."

माझ्या हातातला टाक तिथेच थांबला.

"साहेब, त्याने हात लावलेला नाही."

"काय?"

"एकाही ठोकळ्याला हात लावलेला नाही त्याने. म्हणून तर तो मंद. मग धुता काय?"

शिपाई दारात बादली घेऊन उभा राहिला. साहेबांचा चेहरा लाल झाला. "सूचना सगळ्यांना सारखीच असते. एवढं शिकला नाहीस?"

"सूचना सारखी आहे. पण हात लावायचा नाही, ही सवय त्याला तुम्ही लावलीत. परत घ्या त्याची परीक्षा. ठोकळे त्याच्या हातात द्या, मग बघा."

"तू मला शिकवणार?"

"नाही. पण मंद असं मी लिहिणार नाही."

"मग चालू लाग. आणि एम.ए.चं विसर. पुण्यामुंबईत ओळखी आहेत माझ्या."

मी बादलीपाशी गेलो आणि हातातलं घड्याळ पाण्यात सोडलं. "हेही धुऊन घ्या," म्हणालो. "इतके दिवस माझ्याच हातात होतं."

आम्ही दोघे शिळफाट्यापर्यंत चालत आलो. माझी छाती फुगली होती. दादा आता पाठीवर हात ठेवील, असं वाटत होतं. फाट्यावर तो थांबला.

मग म्हणाला, "घड्याळ बुडवलंस, झ्याक केलंस. पन बाला, त्याच्या आदी मला उचल म्हनायचं नाय व्हय?"

"दादा, नियम होता. बोलता येत नाय."

"व्हय. आमालाबी नियमच हाय."

रागाने नाही म्हणाला. रागावला असता तर मला सोसलं असतं. मग त्याने नवी टोपी काढून घडी केली आणि खिशात घातली. संध्याकाळी कुणा अंमलदाराचं सामान खालापूरला पोचवायचं होतं, तो त्या वाटेला लागला. मी त्याच्या पाठीकडे बघत उभा राहिलो. सगळं हातचं गेल्यावर मी बोललो होतो. बोलून उपयोग होता तेव्हा मी काट्याकडे बघत होतो. साहेबांनी माझ्या भावाला मंद म्हटलं, पण त्याची वेळ मी संपवली.

तिथेच फाट्यावर ठरवलं. एम.ए. करायचं. शिफारस नसली तर नसली, दिवसा हमाली करावी लागली तरी चालेल. परीक्षकाच्या खुर्चीत बसायचं. दादाचं जे गेलं ते यामुळे परत येईल, अशी खोटी समजूत मी मनाची घालणार नाही. पण माझ्या टेबलासमोर कुणी ओंजळ धरून बसला तर घड्याळ खिशातून निघणार नाही. आधी त्याच्या बोलीत सांगेन, उचल. तो भ्यायला तर पुन्हा सांगेन. त्याने उचलेपर्यंत सांगेन. नियम मोडला म्हणून ज्याला मला काढायचं असेल, त्याने खुशाल काढावं.