काळ्या बोटांचे मास्तर

मास्तरांच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम काळी असत. सिल्व्हर नायट्रेटचे ते डाग साबणाला दाद देत नसत. लग्नाच्या पंगतीत कुणी टक लावून पाहिलं की ते सांगत, मीठ ओळखायचा धंदा आहे आपला.

अमरावतीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली लागलो आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो. काचेच्या परीक्षानळ्या विहिरीच्या खारट पाण्याने धुतल्या, मग ज्यात त्यात मीठच निघू लागलं. "नळी खोटं बोलत नाही बापू, धुणारा बोलते," असं म्हणून त्यांनी सगळ्या नळ्या शुद्ध पाण्याने पुन्हा धुवायला लावल्या. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू?

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी पोलिसांनी अकोल्याकडचा एक मळकट खडा तपासायला पाठवला. खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून केलेला. करणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर होतं: मास्तरांचा धाकटा भाऊ. भाजीपाल्याचा मळा सांभाळणारा, छातीच्या दुखण्याने खंगलेला. मीठ ठरलं की त्याला तुरुंग. 'खात्री देता येत नाही' एवढं लिहिलं असतं तरी तो सुटला असता. पण मास्तर आदल्याच दिवशी त्याला कोठडीत भेटून आले होते आणि त्याने बजावलं होतं, "दादा, मीठच लिवजो. माती लिवली तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

मास्तरांनी दिवसभरात तीच परीक्षा तीनदा केली. नळ्या स्वतः धुतल्या. दर वेळी सिल्व्हर नायट्रेट टाकताच दह्यासारखा पांढरा साका खाली बसला, अमोनिया घालताच विरघळला. ज्योतही पिवळीधमक झाली; सगळ्या खुणा मिठाच्याच. मला राहवेना. नळी विहिरीच्या पाण्याने धुतली गेली, म्हणून खात्री नाही, असं लिहून टाका, म्हणालो.

"मले सुचलं नसन का ते? सकाळपासून तेच सुचून राह्यलं."

मग त्यांनी 'मीठ' असं लिहिलं आणि सही केली.

भाऊ सुटून आला तेव्हा गावाने त्याची मिरवणूक काढली. दादाच्या सहीने आमचं मीठ खरं ठरलं, असं तो खोकत खोकत सगळ्यांना सांगत होता. दोन महिन्यांत तो गेला.

मास्तरांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी एका नव्या डेमॉन्स्ट्रेटरच्या सगळ्या नळ्यांत मीठ निघालं. मी ते जुनं वाक्य ऐकायला थांबलो. मास्तरांनी नळ्या घेतल्या आणि स्वतःच धुवायला बसले. शेवटची नळी उजेडात धरून मला म्हणाले, "त्या दिवशी एक तरी नळी माह्या हातून खराब राह्याले पाहिजे होती."