अप्पांचं टेबल आणि विहीणबाईंचा पेला

त्या दिवशी खालच्या खोलीत मी होते, माझी सुमन होती, तिला बघायला आलेला मुलगा आणि त्याची आई होती, आमचे घरमालक अप्पा होते, आणि टेबल होतं. टेबल माणसांत धरलं म्हणून हसू नका. अप्पांच्या घरी ते न धरणाऱ्याला दुसऱ्यांदा चहा मिळत नसे. लाकडावर एवढी माया करणारा माणूस उभ्या कलकत्त्यात दुसरा झाला नाही. आणि लाकूड तरी कसलं? आत साधी फळी, वर सागवानाचा पापुद्रा चिकटवलेला. व्हिनियर म्हणतात त्याला. मी जन्मभर पापड लाटलेत, मला पापुद्रा कळतो. माझा पापड त्याहून जाड असायचा.

अप्पांचा जन्म इथलाच, बागबाजारातला. लग्न केलं नाही. टेबल घेतलं आणि त्याच्याच संसाराला लागले. सकाळी उठून देवाच्या आधी टेबल. जुन्या धोतराचा मऊ तुकडा, तो कोरडा, आणि लाकडाच्या रेघा जिकडे जातात तिकडेच हात. मी एकदा आडवा फिरवला तर म्हणाले, "वहिनी, मांजराला उलटं कुरवाळता का?" डाग पडला तरच ओलं फडकं. ते आधी स्वतः पिळायचे, मग मला पिळायला द्यायचे, मग हवेत धरून थेंब पडतो का बघत उभे राहायचे. पुसलं की लगेच कोरड्याने टिपायचं. ऊन सरकेल तसा पडदा सरकवायचे. भादव्यातल्या दमट हवेत पंखा टेबलाकडे, आणि स्वतः घामाघूम. एका वर्षी ओलीने कोपऱ्याचा पापुद्रा उचलला, तर डिंक भरून, वर फडकं घालून, कोमट इस्त्रीने दाबून बसवला. मग त्यावर वजन पाहिजे म्हणून माझा पाटा-वरवंटा उचलून नेला. कोपरा बसेपर्यंत आमच्याकडे चटणी नाही. पूजेच्या दिवसांत शेजारचे बंगालीबाबू रसगुल्ले घेऊन आले की हे त्यांच्या हनुवटीखाली ओंजळ धरून उभे. "दादा, आमि कि बाच्चा?" ते चिडून विचारायचे. अप्पा म्हणायचे, "बच्चा असता तर दारातच थांबवला असता."

माझा नवरा खिदिरपूरच्या गोदीत होता. तापाचं निमित्त झालं आणि गेला. सुमन मांडीएवढी होती. रडायला बसले असते तर उठवायला कोण होतं? म्हणून बसलेच नाही. अप्पा भेटायला आले, भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "ओल आहे. कपाट चार बोटं पुढे ओढा." असा तो दुखवटा. पण दुसऱ्या दिवसापासून माझे पापड पिशवीत घालून मराठी घरं फिरायला लागले. पापड घेतले नाहीत तर हा माणूस टेबलावर बोलत बसेल, या भीतीने लोक घ्यायचे. त्यावर आम्ही जगलो.

सुमन शाळेत शिकवायला लागली, पण लग्न जमेना. एकांनी बाप नाही म्हणून सोडलं, एकांनी आई पापड लाटते म्हणून. हे तिसरं स्थळ. मुलगा कंपनीत कामाला, आणि सुमनच्या मनात भरलेला. ती बोलली नव्हती, पण साडी दोनदा बदलली होती. माझ्या खोलीत चार माणसं मावत नाहीत, म्हणून अप्पांकडे बसायचं ठरलं. मी आधीच बजावलं, "अप्पा, आज टेबलावरून कोणाला बोलायचं नाही."

"ओला पेला ठेवला तर?"

"तरी नाही."

"गरम?"

"अप्पा, माझ्या लेकीचा प्रश्न आहे."

"लेकीला तुम्ही आहात. टेबलाला कोण आहे?"

पण कबूल झाले.

मुलाची आई आली. चहाचा वाफाळता स्टीलचा पेला घेतला, घोट घेतला, आणि समोर पेल्यासाठी विणलेली चकती असताना ती बाजूला सारून पेला थेट लाकडावर ठेवला. मी अप्पांकडे बघितलं नाही. बघवलंच नाही. बाई आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायला लागल्या. भुलीच्या इंजेक्शनपाशी पेला उचलला आणि शेजारी ठेवला. म्हणजे दुसरा डाग. अप्पांनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे आवळले होते.

"तुमचेही गुडघे दुखतात वाटतं?" बाईंनी विचारलं.

"फार," अप्पा म्हणाले. "चहा सावकाश प्या. घाई नाही."

निघताना बाई मला म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. आणि तुमचे घरमालक किती शांत हो! माझी एवढी गोष्ट कोणी ऐकून घेत नाही."

दार लागल्यावर मी इस्त्री आणि फडकं घेऊन धावले. पांढरे दोन गोल, एकमेकांना चिकटलेले. अप्पांनी त्यावर तळवा ठेवला.

"ठेवा ती इस्त्री."

"अहो, जाईल डाग."

"जाईल हे मला शिकवता? सुमनची सुपारी इथे फुटली, वहिनी. राहू दे."

अप्पा जाऊन आता बरेच दिवस झाले. पुतण्या पुण्याहून आला, घरातलं सगळं सामान विकलं, टेबल मला देऊन गेला. जाताना अप्पांनी तेवढं सांगून ठेवलं होतं. माझी अर्धी खोली टेबलाने खाल्ली. मी पलंगावर बसून जेवते, पण सकाळी टेबल पुसते, रेघांच्या दिशेने. परवा विहीणबाई आल्या होत्या. डागावर बोट ठेवून म्हणाल्या, "एवढं जपता, आणि हे कोणी केलं हो?"

"एक पाहुणी आली होती," मी म्हटलं.

"काय एकेक बायका असतात!" त्या म्हणाल्या.

अप्पा असते तर गुडघे आवळून हसले असते. मी एकटीच हसले, आणि मग उगाच ते दोन गोल पुन्हा पुसले, कोरड्या फडक्याने.

तुम्ही बागबाजारकडे आलात तर माझ्याकडे चहाला या. पेला तेवढा हातात धरा.