माझ्या फोटोला घातलेला हार

पडद्यावर भिंत होती. भिंतीवर माझा फोटो होता आणि फोटोला चंदनाचा हार होता.

भर दुपारी, रत्नागिरीतल्या भरलेल्या हॉलमध्ये, मी शेवटच्या रांगेत बसून स्वतःला मेलेली बघत होते. लग्नानंतर जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला फोटो. घरात ट्रंकेत असतो. तो तिथे कसा गेला, मला कळेना. फोटोखाली माझा दिगू उभा होता आणि रडत होता. असा रडताना मी त्याला कधी बघितला नव्हता. बाप गेला तेव्हाही नाही.

शेजारच्या बाईने आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मघापासून तिने पदर नाकाला लावला होता. सकाळी बाजारात मासे विकून मी तशीच आले होते.

"अहो, त्या तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं.

"मग वर जायचं सोडून इथे काय करताय?"

पुढच्या दोन रांगा हसल्या. मी हसले नाही, उठलेही नाही. पोराचा सिनेमा होता.

सिनेमा एका वाया गेलेल्या मुलाचा आणि त्याला माणसात आणणाऱ्या गुरूचा. वाया गेलेला मुलगा म्हणून सिनेमावाल्यांनी माझा मुलगा उचलला. तेव्हा तो तसाच होता, मी खोटं बोलणार नाही. त्याचा बाप ट्रॉलरवर खलाशी. बोट उलटली, बाकीचे मिळाले, तो मिळाला नाही. दिगूने शाळा सोडली. मांडवीच्या जेटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी मारामाऱ्या करायचा. एकदा त्याने पर्यटकांची समजून एका गाडीची काच फोडली. ती गाडी सरांची होती. सर म्हणजे सिनेमाचे दिग्दर्शक. ते रागावले नाहीत. म्हणाले, हाच मुलगा मला हवा.

मग सर घरी यायला लागले. दिगूला पुस्तकं आणायचे, त्याच्याशी तासन्‌तास बोलायचे. दिगू आंघोळ करून त्यांची वाट बघायचा. मला बरं वाटलं. बापाच्या जागी कुणी बसू शकत नाही, पण बापाच्या वयाचा पुरुष पोराशी नीट बोलतोय, हे काय थोडं होतं?

शूटिंगला मी पहिल्या दिवशी गेले. कानात वायर घातलेली एक मुलगी आली आणि म्हणाली, मावशी, तुम्ही इथे थांबू नका, आई समोर असली की मुलगा खुलत नाही. वाटलं, त्यांचं काम त्यांना कळतं. मी बाजारात गेले.

सिनेमा संपला. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. सर स्टेजवर आले आणि दिगूच्या खांद्यावर हात ठेवून बोलायला लागले. मुलगा जेटीवर पडलेला दगड होता, मी त्यातून मूर्ती काढली, असं काय काय. मग त्या रडण्यावर आले.

"मुलगा रडेचना. बाप समुद्रात गेलेला, तरी डोळ्यांत टिपूस नाही. शेवटी मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, बाळा, तुझी आई आत्ताच बाजाराच्या रस्त्यावर ट्रकखाली गेली. आणि मित्रहो, एका टेकमध्ये शॉट ओके. तुम्ही पाहिलेले अश्रू शंभर टक्के खरे आहेत."

लोक हसले. मग टाळ्या. मघाच्याहून जोरात.

सर म्हणत होते, आणि ती माऊली आज आपल्यात आहे, तिने मंचावर यावं. साडी आणि नारळ तयार होता. मी गेले. त्यांनी साडी पुढे केली, मी घेतली नाही. माईक मागितला. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात धरला.

"सर, माझं पोरगं किती वेळ बिनआईचं होतं?"

त्यांना आधी समजलंच नाही. मग हसून म्हणाले, अहो ताई, उजेड छान होता, दोनचार क्लोजअप घेतले आणि पॅकअप झाल्यावर लगेच सांगितलं.

पॅकअप म्हणजे संध्याकाळ. ती संध्याकाळ मला आठवली. मी ओट्यावर मासे कापत होते. दिगू अनवाणी पळत आला आणि माझा खवल्यांनी भरलेला हात धरून उभा राहिला. सोडेना. मी म्हटलं होतं, "काय रे, भूत बघितलंस काय?"

मी स्टेजवरून त्याला म्हटलं, चल. तो आला नाही. सरांचा हात खांद्यावर होता, त्याने मान खाली घातली. मी एकटी उतरले. मागून कुणीतरी म्हणालं, या लोकांना कलेतलं काय कळतं.

दिगू नंतर घरी आला. चुलीपाशी बसला. विचारायच्या आधीच बोलला.

"आये, सरांनी बाबांचा फोटो मागितला व्हता. हार घालायला. मी नाय दिला. तुजा दिला."

मला सगळं कळलं. आमच्या वाडीत समुद्राने ज्याला परत दिलं नाही, त्याच्या फोटोला हार घालत नाहीत. घातला म्हणजे घरच्यांनी वाट बघणं सोडलं. तो येणार नाही हे मला माहीत आहे, मी खुळी नाही. पण आमच्या घरात त्याच्या फोटोला हार नाही. तो हार पोराने वाचवला. आई तर समोर जिवंत आहे, हार घातला म्हणून तिला काय होणार, असा त्याचा हिशोब. दिगूने सांगितलं, फोटो बघून सर खूश झाले, म्हणाले आई मेलेली जास्त चालते, आणि गोष्टच बदलली. मग हार घातल्यावर त्यांनी सांगितलं, तुझी आई गेली.

"मला वाटला मीच तुला मारलंय," दिगू म्हणाला.

शूटिंग संपल्यापासून तो माझ्या मागे मागे येतो. पहाटे जेटीवर माशांच्या लिलावाला, मग बाजारात. लांब उभा राहतो आणि रस्त्यावर येणाऱ्या ट्रकांकडे बघतो. मला वाटायचं, सिनेमात गेल्यापासून आळशी झालाय, काम नको म्हणून नुसता उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. माझा गैरसमज झालाय, म्हणाले. ही कामाची पद्धत आहे, मोठमोठे लोक असंच करतात. आणि मग, "तुमच्याजवळ राहिला तर मासे विकेल. मी त्याला घडवलाय."

"विकू दे मासे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

सरांची पुस्तकं दिगूने अजून टाकलेली नाहीत. मीही टाकत नाही. ज्या माणसाने त्याला पहिल्यांदा जवळ बसवलं, त्यानेच त्याला असं केलं. हे त्याचं त्याला सोडवायचं आहे. त्यात मला मदत करता येत नाही, हेच मला खातं.

सरांची माणसं परत आली आहेत. पुढच्या सिनेमासाठी मुलगी बघतायत. डोळ्यांत दुःख असलेली पाहिजे, म्हणतात. आमच्या वाडीत तशा कमी नाहीत. मी घरोघर जाऊन झालं ते सांगितलं. काहींनी ऐकलं, काही म्हणाल्या, तुझ्या पोराचं नाव झालं आणि आमच्या पोरींचं नको होय? मी भांडले नाही. हे लिहू का, असं दिगूला विचारलं. त्याने होय म्हणून मान हलवली, मगच लिहिलं.

तो बरा होईल की नाही, मला माहीत नाही. पण जिथे त्यांचा कॅमेरा लागेल तिथे कॅमेऱ्याशेजारी मी उभी असणार. त्या मुलीला दिसेन अशी. हाकलतील, पोलीस बोलावतील, बोलावू देत. मी हलणार नाही.